खत घालतो, मग जातं कुठं?

चैत्र लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात लोक रोगांबद्दल विचारतात, थंडीत छाटणीबद्दल. या महिन्यातली बहुतेक पत्रं मात्र तापलेल्या रानाची आहेत. त्यातली सहा निवडली. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मी २८ वर्षं काम केलं. तिथं हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, आणि समोर मातीच्या पिशव्यांची रांग असल्यामुळं मी कुणालाच धड उत्तर देऊ शकले नाही.

आमची माळावर तीन एकर सीताफळाची बाग आहे. झाडं सात वर्षांची, जमीन मुरमाड. विहिरीला फेब्रुवारीनंतर तळ दिसतो. दरवर्षी पाडवा झाला की एकरी दोन ट्रॉल्या शेणखत ओढतो. तरी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातून मातीत राहणारा कार्बन) तीन वर्षांपूर्वी ०.३४ टक्के होता, यंदा ०.३६ आला. श्रावणातच पाला पिवळा पडतो. एवढं खत घालतो, मग जातं कुठं?
(एक वाचक, हातकणंगले तालुका)

दादा, आधी तुमच्या वेळेबद्दल बोलते. पाडव्यानंतर ट्रॉल्या ओढायच्या, रानात ठिकठिकाणी ढीग टाकायचे आणि पावसाच्या तोंडाला ते विस्कटायचे, ही पद्धत आपल्याकडं घरोघरी आहे. बैल आणि गडी तेव्हा मोकळे असतात, म्हणून ती पडली. पण ओलसर शेणखत उन्हात उघडं पडलं की त्यातला अमोनिया पहिल्या काही दिवसांतच हवेत उडून जातो. नाकाला जो झणका लागतो तो तुमच्या पैशाचा नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतो. मेअखेरीला तुम्ही पसरता ती बरीचशी वाळलेली काडी असते.

आता रानाचं बघू. आपलं कोल्हापूर विषुववृत्तापासून साधारण पावणेसतरा अंशांवर आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत सीताफळाच्या झाडावर पान नसतं. म्हणजे ज्या महिन्यात सावलीची सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यात तुमची बाग उघडी. आमचं अडीच एकराचं रानही तुमच्याच तालुक्यात आणि तुमच्यासारखंच मुरमाड आहे. गेल्या एप्रिलात दुपारी अडीच वाजता मी तिथं तापमापक लावला. हवा ३८ अंशांवर होती, उघड्या मातीत दोन इंचांवर ४७ अंश निघाले. दहा पावलांवर, पाचटाखाली तेवढ्याच खोलीवर, ३५.

हवेपेक्षा माती एवढी का तापते? ओल्या मातीवर पडलेलं ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता लागते. शिवाय पाणी तापायला कोरड्या मातीच्या खनिजांपेक्षा, वजनास वजन, सुमारे पाचपट उष्णता खातं. माती वाळली की या दोन्ही गोष्टी संपतात आणि सगळं ऊन वरच्या बोटभर थरावर येऊन बसतं. मुरमाड रानात पाणी मुळातच कमी धरलं जातं, म्हणून काळ्या रानाच्या आधी ते तापतं, जरी रंगानं ते फिकट असलं तरी. सीताफळाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभरात असतात. चाळिशीच्या पुढं गेलेल्या कोरड्या मातीत ती टिकत नाहीत. पावसाळ्यात झाडाला आधी ती नव्यानं फोडावी लागतात, मग खायचं.

इथं एक गैरसमज काढून टाकते. उन्हानं मातीतला कस जळतो असं आपण म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. कोरड्या ठाक मातीत जीवाणू निपचित पडलेले असतात, तिथं कुजण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. कर्ब झपाट्यानं जातो तो माती गरम असताना ओली झाली म्हणजे. ओल असेल तर तापमान १० अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तापलेल्या रानावर वळीव पडला की मातीतले जीव जागे होतात आणि हाताला लागेल ते सेंद्रिय द्रव्य खाऊन कर्ब वायूच्या रूपानं सोडून देतात. पुन्हा माती वाळते, पुन्हा वळीव येतो, पुन्हा तेच. तुमचं खत जातं ते इथं.

आणि आकडाही नीट समजून घ्या. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ९०० किलो कर्ब मातीत टिकवायचा. ओलसर शेणखताच्या एका टनात कर्ब धरा दीडशे किलो. कणही वाया गेला नाही तरी एकरी सहा टन खत लागेल, आणि प्रत्यक्षात आपल्या हवेत त्यातला मोठा भाग वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. तेव्हा तीन वर्षांत ०.३४ चा ०.३६ झाला याचं वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या उघड्या रानात तो घसरला नाही हेच तुमच्या खताचं काम आहे.

आता करायचं काय? यंदाचं खत रानात ओढू नका. गोठ्याजवळ झाडाच्या सावलीत एकच मोठा ढीग घाला, पाण्याचा हात द्या, वरून शेणमातीनं लिंपून घ्या. चांगला पाऊस होऊन माती वीतभर खोल भिजली की खोडापासून दोन-अडीच फूट सोडून, फांद्यांच्या पसाऱ्याखाली गोल चर काढून खत घाला आणि त्याच दिवशी मातीआड करा. ओळींच्या मधल्या पट्ट्यात हुलगा किंवा चवळी पेरा, नाहीतर ताग पेरून फुलावर आला की कापून झाडाखाली अंथरा. बांधावर गिरिपुष्प लावा, उन्हाळ्याआधी त्याचा पाला हाताशी येतो. तुमच्या रानाला सध्या जास्त खतापेक्षा अंगावर पांघरूण हवं आहे. पांघरूण घातलंत तर दोन ट्रॉल्यांचं काम एकीत होईल.

श्रावणातल्या पिवळेपणाबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात की शेंड्याची? खालची असतील तर नत्र कमी पडतोय. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहत असतील तर लोह लागत नाही, आणि मग मातीत चुनखडी किती आहे हे तुमच्या अहवालात बघावं लागेल. कळवा, पुढच्या अंकात लिहीन.

वळवाचा पहिला दणका बसला की आमच्याकडं सगळे आंब्याच्या आळ्यात युरिया टाकतात. माझी केशरची झाडं चार वर्षांची आहेत. मीही टाकू का?
(एक वाचक, कागल तालुका)

टाकू नका. मी टाकून बघितलाय. नोकरीत असताना आमच्या रानात मेच्या दुसऱ्या आठवड्यात जोराचा वळीव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मी ओल्या मातीवर युरिया फेकला. पुढं १९ दिवस थेंब पडला नाही. तिसऱ्या दिवशी आळ्याजवळ वाकले तर वास नाकात गेला. त्या पावसाळ्यात युरिया घातलेली झाडं आणि न घातलेली झाडं यांत मला काही फरक दिसला नाही. ज्या बाईनं रोज दहा जणांना खताचे सल्ले लिहून दिले तिच्याच हातून हे झालं, याची रुखरुख अजून आहे.

घडतं ते असं. युरिया ओल्या, गरम मातीवर पडला की त्याचा अमोनिया होतो. तो मातीआड नसेल तर उडतो, आणि माती जितकी गरम आणि चोपण-चुनखडीची, तितका जास्त उडतो. शिवाय त्या वेळी झाडाला त्याची गरजही नसते. कोरडी माती पहिल्यांदा भिजते तेव्हा उन्हाळ्यात मेलेले सूक्ष्मजीव आणि सुटलेलं सेंद्रिय द्रव्य जिवंत राहिलेल्या जीवांना खायला मिळतं आणि चार-आठ दिवसांत मातीतच नत्राचा लोंढा तयार होतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं १९५८ साली हे नीट मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसानंतर गवत एका रात्रीत गडद हिरवं दिसतं त्यात या फुकटच्या नत्राचा वाटा असतो.

खरी काळजी वेगळी आहे. हा नत्र नायट्रेटच्या रूपात असतो आणि नायट्रेट मातीला चिकटत नाही. तो घ्यायला मुळं तयार नसली आणि पाठोपाठ मोठा पाऊस आला तर तो मुळांच्या खाली निघून जातो. म्हणून पहिल्या पावसावर खत टाकण्यापेक्षा काहीतरी उगवून ठेवा. आळ्याबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात उगवलेलं तणसुद्धा तो नत्र धरून ठेवतं. फुलण्याआधी कापा आणि तिथंच पसरा, धरलेला नत्र झाडाला परत मिळतो.

वळीव आणखी एक वाईट गोष्ट करतो. टपोरे थेंब भुकटी झालेल्या मातीवर आपटतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी उताराला लागतं. जाताना सगळ्यात बारीक, सगळ्यात कसदार माती घेऊन जातं. ओढ्याला आलेलं ते तांबडं पाणी बघून माझ्या पोटात कालवतं. प्रत्येक झाडाच्या उताराच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध या आठवड्यातच घालून घ्या. युरियाचे पैसे त्या मजुरीला द्या.

युरिया द्यायचाच तर पंचांग बघून देऊ नका. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच राज्यात आला, मृगाची वाट त्यानं पाहिली नाही. कुदळीचा एक घाव घाला. वीतभर खोल ओल असेल आणि झाडाला नवी पालवी फुटत असेल तर थोडा थोडा करून, मातीआड द्या.

आमचा ऊस नदीकाठच्या मळीत आणि आवळा-चिंचेची बाग वर माळावर आहे. तोडणीनंतर पाचट पेटवतात ते बघवत नाही. ते वर नेऊन झाडाखाली घालावं म्हणते, पण मामंजी म्हणतात वाळवी लागेल आणि झाडं पिवळी पडतील. घरात रोज यावरून बोलणं होतं.
(एक वाचक भगिनी, करवीर तालुका)

ताई, मामंजींचं म्हणणं उडवून लावू नका. दोन्ही गोष्टी होतात, पण चुकीच्या रीतीनं घातलं तर. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडा असतो. एक भाग नत्राला शंभराच्या आसपास कर्ब. ते मातीत गाडलं तर कुजवणारे जीव आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि झाड उपाशी राहतं. तोच पिवळेपणा मामंजींनी पाहिला असणार. वरच्या वर अंथरलं तर फक्त मातीला टेकलेला थर कुजतो, ओढाताण थोडीच होते. तेव्हा गाडू नका, अंथरा. कुजवायचंच असेल तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही उसाच्या पाचटासाठीची शिफारस तुमच्या घरात माहीत असेलच.

वाळवीसाठी खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवा. हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी मी खोडाला टेकवून पाचट रचलं होतं. आषाढातल्या झडीत ते कुजकं होऊन खोडाला चिकटून बसलं आणि नऊ झाडं बुडख्यात सडून गेली.

जाडी दबल्यावर चार बोटं राहील एवढी ठेवा. त्याहून जाड थर हलका पाऊस स्वतःच पिऊन टाकतो, मातीपर्यंत पोचूच देत नाही. माळावर जिथं पाऊस मोजूनमापून पडतो तिथं हे फार महाग पडतं.

आणि वेळ. बहुतेक जण ऊन चटकायला लागल्यावर आच्छादनाचा विचार करतात. तोवर ओल निघून गेलेली असते. आता घातलंत तरी माती थंड राहील, मुळं वाचतील, तेवढा फायदा आहेच. पण खरी वेळ हस्ताचा पाऊस संपून माती तुडुंब असते तेव्हाची, दिवाळीच्या आधीची. तेव्हा ऊसतोड सुरू झालेली नसते, म्हणून यंदाचं पाचट गंजी घालून राखून ठेवावं लागेल. मामंजींना सांगा, दहा झाडांना घालून बघू, दहा तशीच ठेवू. पुढच्या चैत्रात दोन्हीकडच्या मातीवर त्यांनाच हात ठेवायला सांगा.

आजऱ्यात पाऊस भरपूर, मग काजूच्या बागेला कोरडवाहू म्हणायचं का? आमची बाग जांभ्याच्या पश्चिम उतारावर आहे. वणव्याच्या भीतीनं दर फाल्गुनात पाला गोळा करून जाळतो.
(एक वाचक, आजरा तालुका)

आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला ५ हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि शिरोळला ५०० च्या आसपास, तेही शंभर किलोमीटरच्या आत. पण दिवाळीनंतर दोन्हीकडचं आभाळ सारखंच कोरडं. तुमचा पाऊस चार महिन्यांत येतो आणि जांभ्यातून निथळून जातो, जाताना चुना आणि पालाश धुऊन नेतो. उरलेला काळ तुमची बाग कोरडवाहूच आहे. त्यातून पश्चिम उतार म्हणजे सकाळभर तापलेल्या रानावर दुपारचं तिरपं ऊन समोरून येणार. अशा जागी पाला जाळणं म्हणजे झाडानं वर्षभरात खालून ओढून आणलेला कस धुरात घालवणं. राख राहते, पण पहिल्या जोराच्या पावसात तीही उताराला लागते, आणि नत्र तर धुरातच गेलेला असतो.

भीती मात्र खरी आहे. बागेच्या कडेनं दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा ठेवा, तिथला पाला आत ओढा, आणि आत झाडाखालचा पाला दगडगोट्यांनी किंवा थोड्या मातीनं दाबून ठेवा. जाळायची गरज उरणार नाही.

काळ्या रानात बोरीच्या बागेत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काही करावं का?
(एक वाचक, शिरोळ तालुका)

हो, आणि लवकर. भेगेतून गरम हवा खोल जाते, खालची ओल उडते आणि माती फाकताना बारीक मुळं तुटतात. पण नांगर घालू नका. भेगा बोटभर असतानाच कुळवाची उथळ पाळी द्या. वरचा दोन इंच भुसभुशीत थर हवा कोंडून धरतो, त्यामुळं खाली ऊन पोचत नाही आणि खालची ओल वर येत नाही. जुनी माणसं कोळपणीला अर्धं पाणी म्हणत ते यासाठीच. छाटणीच्या बोरीच्या काट्या बांधावर टाकता, त्यातला पाला तेवढा झाडून झाडाखाली घ्या.

मी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी मातीचं तापमान मोजायचं आहे. आमच्या घरचा तापमापक चालेल का?
(एक विद्यार्थिनी, पन्हाळा तालुका)

बाळ, तापाचा तापमापक चालणार नाही. तो ४२ अंशांपर्यंतच असतो, रानात फुटेल. शाळेच्या प्रयोगशाळेत शून्य ते शंभर अंशांचा मिळतो, तो सरांना विचारून आण. तो मातीत दाबू नकोस. आधी लोखंडी सळईनं भोक पाड, मग अलगद सोड, भोवतीची माती दाबून घे आणि पाच मिनिटं थांब. वाचताना तापमापकावर आपली सावली धर.

दोन इंच, वीतभर आणि हातभर अशा तीन खोली घे. सकाळी सात, दुपारी अडीच आणि रात्री नऊ, अशा तीन वेळा. एक जागा उघड्यावर, एक आंब्याच्या सावलीत. दोन इंचांवरचा आकडा दुपारी उडी मारेल. वीतभर खोलीवर मात्र तुला नवल दिसेल. तिथली माती दुपारी नाही, सूर्य बुडाल्यावर सगळ्यात गरम असते, कारण उष्णता मातीतून फार सावकाश खाली उतरते. हातभर खोलीवर दिवस आणि रात्र यांत फरकच सापडणार नाही.

माझे वडील चैत्रात रानात अनवाणी चालायचे आणि कुठला तुकडा आधी वाळणार ते सांगायचे. त्यांचा अंदाज क्वचित चुकायचा. तूही तापमापक लावण्याआधी तळहात मातीवर ठेव आणि किती अंश असतील ते वहीत लिही, मग वाच. आभाळ कसं होतं, वारा होता का, शेवटचा पाऊस कधी झाला हेही त्याच ओळीत लिही. एखादा वळीव झाला तर त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस मोजायला चुकू नकोस. सगळी वही झाली की तिच्या पानांचे फोटो काढून मला पाठव.